खाकीतले कामचुकार: 'प्रायव्हेट्स प्रोग्रेस'ची पार्श्वभूमी

1956 साली ब्रिटनमध्ये सर्वाधिक गर्दी खेचली ती 'रीच फॉर द स्काय'ने. दोन्ही पाय गमावूनही लढाऊ विमान उडवणाऱ्या डग्लस बाडरची ती कथा. दुसऱ्या क्रमांकावर होता चित्रपटकार बोल्टिंग बंधूंचा 'प्रायव्हेट्स प्रोग्रेस' (प्रायव्हेट म्हणजे साधा शिपाई), आणि त्यातल्या सैनिकांचा सगळा पराक्रम काम टाळण्यात खर्ची पडतो. हे दोन्ही चित्रपट एकाच वर्षी कसे चालले?

दुसरे महायुद्ध चालू असताना लष्कराची टर उडवणे सोपे नव्हते. 1942 मध्ये पॉवेल आणि प्रेसबर्गर ही चित्रपटकारांची जोडी जुन्या वळणाच्या सेनाधिकाऱ्यावरचा 'कर्नल ब्लिम्प' काढायला निघाली, तेव्हा तो थांबवता येईल का, याची खुद्द चर्चिलने चाचपणी केली. चित्रपट निघाला, पण युद्धखात्याच्या मदतीविना. सरकारला परवडणारा विनोद कॅरल रीडच्या 'द वे अहेड'मध्ये (1944) दिसतो. 'द न्यू लॉट' या लष्करी प्रशिक्षणपटातून तो वाढला. नवे रंगरूट कुरकुर करतात, सार्जंटला शिव्या घालतात आणि शेवटी पक्के सैनिक होतात. त्यातला सार्जंट विल्यम हार्टनेलने केला होता.

बोल्टिंग बंधू त्याच सरकारी प्रचाराच्या कारखान्यात घडले. हे जुळे भाऊ. लष्कराच्या चित्रपथकात असलेल्या रॉयने इजिप्तमधल्या अल अलामेनच्या लढाईवर 'डेझर्ट व्हिक्टरी' (1943) केला आणि त्याला ऑस्कर मिळाले. जॉनने हवाई दलासाठी 'जर्नी टुगेदर' (1945) केला. शौर्याची चित्रे कशी रंगवतात हे त्यांना आतून ठाऊक होते, म्हणूनच त्यांचे विडंबन इतके नेमके बसले असावे.

युद्ध संपले तरी सक्तीची भरती संपली नाही. 1949 पासून तरुणांना दीड वर्षाची लष्करी सेवा करावी लागे. कोरियन युद्धामुळे 1950 मध्ये ती दोन वर्षांची झाली. शांततेच्या काळात एवढ्या पोरांना द्यायला काम कुठून आणणार? मग बूट चकचकीत करा, बटाटे सोला, कवायत करा. 1956 मध्ये चित्रपटगृहात हसणाऱ्यांत असे आजी-माजी सक्तीचे सैनिक भरपूर होते. चित्रपटातले साल 1942, पण त्यातली बराक त्यांच्या रोजच्या ओळखीची होती.

ॲलन हॅकनीच्या कादंबरीवरच्या या कथेत स्टॅन्ली विंडरश (इयन कारमायकल) विद्यापीठातून थेट खाकीत येतो. अधिकारी होण्याच्या परीक्षेत नापास होतो आणि मेजर हिचकॉकच्या (टेरी-थॉमस) तुकडीत जाऊन पडतो. तिथे प्रायव्हेट कॉक्स (रिचर्ड ॲटनबरो) त्याला टंगळमंगळीचे शास्त्र शिकवतो. पुढे वशिल्याने तो मोठ्या नातेवाइकाच्या, ब्रिगेडियर ट्रेसपर्सेलच्या, गुप्त मोहिमेत जातो. मोहीम कसली, तर जर्मनांकडच्या कलाकृती परस्पर लांबवण्याची! शिपाई छोटी चोरी करतो, साहेब मोठी. कडक सार्जंट इथेही हार्टनेलच. माझा सर्वात आवडता प्रसंग चित्रपटगृहातला. कामावरून सटकलेला मेजर नौदलाच्या शौर्यावरचा 'इन विच वी सर्व्ह' पाहायला जातो, तर तिथे त्याचीच माणसे बसलेली. त्याच चित्रपटातून ॲटनबरो प्रथम पडद्यावर आला होता, तोही घाबरून जागा सोडणाऱ्या खलाशाच्या भूमिकेत.

लष्कराने मदत नाकारली. त्यावर निर्मात्यांनी श्रेयनामावलीत 'कोणाच्याही अधिकृत सहकार्याविना' अशा अर्थाची आभाराची पाटी झळकवली, आणि 'जे निसटले त्या सर्वांना' चित्रपट अर्पण केला.

मग लष्करी विनोदांची लाटच आली. 1957 मध्ये ब्रिटिश टीव्हीवर 'द आर्मी गेम' ही मालिका, 1958 मध्ये 'कॅरी ऑन सार्जंट' हा चित्रपट. दोन्हींत दरडावायला पुन्हा हार्टनेल. बोल्टिंग मात्र बराकीत रमले नाहीत. 1959 च्या 'आय ॲम ऑल राइट जॅक'मध्ये त्यांनी विंडरश, कॉक्स, ट्रेसपर्सेल आणि हिचकॉक यांना नागरी कपडे चढवून क्षेपणास्त्रांच्या कारखान्यात आणले. हिचकॉक तिथे कामगार व्यवस्थापक झाला आहे आणि कामगारांना कामाला लावणे त्याला अजूनही जमत नाही.