सदाफुलीची पाने चावून साखर उतरते का?

'रोज सकाळी उपाशीपोटी सदाफुलीची चार पाने चावा, मधुमेह जातो आणि कॅन्सरही होत नाही.' हा निरोप वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो खरा वाटतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे: व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कॅन्सरवरची औषधे खरोखरच या झाडातून मिळाली.

पण कशी? 1950च्या दशकात कॅनडात संशोधक मधुमेहासाठीच हे झाड तपासत होते. अर्क तोंडावाटे दिलेल्या उंदरांची साखर काही उतरली नाही. टोचल्यावर मात्र त्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या, आणि तिथून रक्ताच्या कॅन्सरवरच्या औषधाची वाट सापडली. म्हणजे गुण आहे तो पेशी मारण्याचा. शिवाय ही द्रव्ये पानात इतकी अत्यल्प असतात की एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात.

पडताळायचे असेल तर औषधांच्या दुकानात व्हिन्क्रिस्टिनचे माहितीपत्रक मागून वाचा. ते फक्त शिरेतूनच द्यायचे, असा ठळक इशारा त्यावर असतो. पाने विषारी आहेत. पोटात गेल्यास उलट्या, जुलाब, चक्कर येऊ शकते. सोलापुरात शेळ्या दिसेल ते खातात, पण सदाफुलीला सहसा तोंड लावत नाहीत.

झाड मात्र जरूर लावा. मूळचे मादागास्करचे असले, तरी आपल्या चाळीस अंशांच्या उन्हातही ते फुलते. फक्त कुंडीत पाणी साचू देऊ नका, मुळे कुजतात. आणि मधुमेहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.