कारखान्यातून आली तश्शी

१९६९ची शेव्हरोले कॅमेरो झेड/२८ विकत घेणारा गिऱ्हाईक बहुधा विशी-पंचविशीतला असे. गाडी दारात आली की पहिल्याच रविवारी बॉनेट उघडून तो एक वस्तू आधी काढून टाकी: स्मॉग पंप. धूर जरा स्वच्छ निघावा म्हणून एक्झॉस्टमध्ये ताजी हवा ढकलायची, एवढंच त्या बेल्टवर फिरणाऱ्या पंपाचं काम. पोरांच्या लेखी ते इंजिनाच्या गळ्यातलं लोढणं. पंप, त्याचा ब्रॅकेट, वाकड्यातिकड्या नळ्या असं सगळं आधी गॅरेजच्या कोपऱ्यात पडे आणि तिथून भंगारात जाई. आज तीच गाडी कुणी मूळ रूपात आणायला घेतली, तर त्याच पंपासाठी तो अमेरिकाभर फोन फिरवत बसतो. बरं, नुसता पंप मिळून भागत नाही. त्यावरची तारीख गाडी जुळवली गेली त्याच्या थोड्याच आधीची लागते.

भंगारातली वस्तू देव्हाऱ्यात कशी जाऊन बसली, हे कळायला जरा मागं जावं लागतं.

मसल कारचा, म्हणजे मधल्या आकाराच्या गाडीत भलंमोठं इंजिन घातलेल्या अमेरिकन गाडीचा, जन्म १९६४ सालचा धरतात. जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टिअॅक विभागातल्या जॉन डेलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नियमातली फट शोधली. टेम्पेस्ट ल मान्स या साध्या गाडीवर त्यांनी ३८९ घन इंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन स्वतंत्र मॉडेल म्हणून न देता जादा पैशांचं ‘ऑप्शन’ म्हणून दिलं. किंमत २९५ डॉलर, नाव जीटीओ. पहिल्याच वर्षी ३२ हजारांवर गाड्या खपल्यावर नियमाचं नाव कुणी काढलं नाही.

हलक्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन बसवण्याचा उद्योग अमेरिकेतली हॉट रॉडवाली पोरं युद्धाच्या आधीपासून घरच्या शेडमध्ये करतच होती. कंपनीनं तेच असेंब्ली लाइनवर केलं आणि वर वॉरंटी दिली. आज ज्या ‘फॅक्टरी स्पेसिफिकेशन’पुढे लोक हात जोडतात, ते मुळात कारखान्यानं केलेलं मॉडिफिकेशनच होतं. मला या सगळ्या प्रकरणातली खरी गंमत इथंच वाटते.

झेड/२८चंही तसंच. ट्रान्स-अॅम या अमेरिकेतल्या मोटारशर्यतींच्या मालिकेत इंजिनाची मर्यादा ३०५ घन इंच. जनरल मोटर्सच्याच शेव्हरोलेनं ३२७ घन इंचांच्या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये २८३च्या इंजिनाचा क्रँक, म्हणजे पिस्टनांना जोडलेला फिरता दांडा, बसवला आणि हिशेब ३०२वर आणून ठेवला. शर्यतीला पात्र ठरायला ती गाडी बाजारातही विकणं भाग होतं. १९६७ साली जेमतेम ६०२ विकल्या, १९६९ साली २० हजार ३०२. कागदावर शक्ती २९० हॉर्सपॉवर. खरी त्याहून बरीच जास्त, हे विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्यालाही. सुरुवातीच्या काही गाड्यांत तर शर्यतीचे एक्झॉस्ट हेडर, म्हणजे धूर झटकन बाहेर काढणाऱ्या खास नळ्या, डिकीत ठेवून येत, घरी नेऊन बसवा म्हणून. गाडी घेतल्यावर ती बदलायची असते, हे कंपनीनंही गृहीतच धरलं होतं. रॉजर पेन्स्कीच्या संघातून मार्क डॉनह्यूनं १९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ दोन वर्षं ट्रान्स-अॅम जिंकली, तेव्हा गल्लीतल्या झेड/२८वाल्यांनाही वाटू लागलं की आपल्या गाडीतही तेच दडलंय, जरा हात फिरवला पाहिजे.

मग उतरती कळा लागली, तीही झपाट्यानं. तरुण मालकांच्या विम्याचे हप्ते चढले. १९७० साली अमेरिकेत स्वच्छ हवेचा कायदा आला. १९७१च्या मॉडेलांत जनरल मोटर्सनं इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं, म्हणजे ताकदही उतरली. १९७२पासून शक्ती मोजायची पद्धत बदलली आणि कागदावरचे आकडे आणखी खाली आले. १९७३च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. झेड/२८ हे नावच १९७४नंतर काही वर्षं बंद पडलं. पेट्रोलपंपावर रांगा लागल्या असताना गॅलनला दहा-बारा मैल देणारी गाडी कोण पोसणार? या गाड्या वापरलेल्यांच्या बाजारात किरकोळ भावात निघाल्या आणि थेट त्यांच्या हातात पडल्या ज्यांना नवी कधीच परवडली नसती, म्हणजे शाळा-कॉलेजातल्या पोरांच्या.

मॉडिफिकेशनचा खरा सुकाळ हा. मागची बाजू वर उचलणारे एअर शॉक, क्रेगरची चकचकीत चाकं, रुंद टायर आत मावावेत म्हणून मडगार्डची कापलेली कड, इंजिनावरचा उंच मॅनिफोल्ड बाहेर निघावा म्हणून बॉनेटला पाडलेलं भोक, कॅसेट प्लेअरसाठी करवतीनं मोठी केलेली डॅशबोर्डची खिडकी. मूळ ३०२ उडालं की शेजारच्या भंगारवाल्याकडून ३५० घन इंचांचं दुसरं आणून टाकायचं. यात कुणाला पाप वाटत नव्हतं. जुन्या गाडीत चालतं ते इंजिन घालायचं असतं, इतकं ते साधं होतं.

आपल्याकडे हेच उलट्या दिशेनं घडलं. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली होती. पुढं कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समधून क्रायस्लरच्या परवान्यानं डॉज-प्लिमथ बाहेर पडल्या. पेट्रोल महागल्यावर अशा आडदांड अमेरिकन गाड्यांची मूळ इंजिनं काढून गॅरेजवाल्यांनी त्यांत डिझेल इंजिनं बसवली. तिकडं वेगासाठी, इकडं मायलेजसाठी. मूळ इंजिनाची वाट दोन्हीकडे सारखीच लागली.

यातलं सगळ्यात मोठं नुकसान मात्र हौशी पोरांनी केलं नाही. ते चांगल्या, इमानदार मशीन शॉपवाल्यांनी केलं. शेव्हरोलेच्या या इंजिनांत उजव्या बाजूला, सिलिंडर हेडच्या पुढ्यात, ब्लॉकचा एक सपाट चौथरा असतो, दोन बोटं रुंदीचा. त्यावर अक्षरं पंच केलेली असतात. समजा ‘व्ही०३१८डीझेड’. व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, ०३१८ म्हणजे १८ मार्च, डीझेड म्हणजे १९६९च्या झेड/२८चं ३०२ इंजिन. शेजारी गाडीच्या चासी नंबरातले शेवटचे आकडे. ब्लॉकच्या मागच्या बाजूला ओतकामाची तारीख वेगळी असते: ‘सी १४ ९’ म्हणजे मार्चची १४, साल ६९. आधी ओतकाम, मग जुळणी, मग गाडी. हा क्रम जुळला आणि नंबर गाडीच्या नंबराशी लागला, की इंजिन जन्मापासूनचं.

आता इंजिन ओव्हरहॉलला आलं की चांगला मशीनिस्ट काय करतो? ब्लॉकचा माथा सपाट करतो, गॅसकेट नीट बसावं म्हणून. तो चौथराही त्याच पातळीवर, त्यामुळे कटर त्याच्यावरूनही फिरतो. पाच मिनिटांत गाडीचा जन्मदाखला बारीक कीस होऊन जमिनीवर पडतो. त्या काळी त्या अक्षरांकडे बघायचं कारणच नव्हतं. इंजिन गळत नाही ना, एवढंच महत्त्वाचं.

त्या अक्षरांकडे आधी बघायला लागले कॉर्व्हेटवाले, म्हणजे शेव्हरोलेच्या स्पोर्ट्स कारचे शौकीन. १९७३ला इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टन गावी कॉर्व्हेटची मोठी जत्रा भरू लागली आणि १९७४ला नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी स्थापन झाली. या मंडळींनी सौंदर्यस्पर्धेचा जुना नियमच फिरवला. सर्वांत चकचकीत गाडीला बक्षीस नाही. कारखान्यातून जशी बाहेर पडली तिच्याशी सर्वांत जास्त जुळणाऱ्या गाडीला बक्षीस. त्यांच्या वरच्या दर्जाच्या पुरस्काराला ९४ टक्के गुण लागतात आणि गुण कापायला नट-बोल्टवरची खूणही पुरते. हे वेड पुढं कॅमेरो, मस्टँग, डॉज, प्लिमथ सगळ्यांत पसरलं. ‘मॅचिंग नंबर्स’, म्हणजे इंजिन-गाडीचे नंबर जुळणारी, हा शब्द जाहिरातीत आला आणि त्याच्या मागोमाग किमती चढल्या.

किमती चढल्या तशी लबाडी आली. घासून गेलेल्या चौथऱ्यावर नवी अक्षरं पंच करणारे निघाले. मग पारखी लोक अक्षरं सोडून त्यांच्याखालची जमीन बघू लागले. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोचिंग मशीनवर एका ओढीत खरवडला जाई, त्यामुळे त्यावर पुढून मागं जाणाऱ्या सरळ, बारीक रेघा राहतात. बाहेरच्या मशीन शॉपच्या गोल फिरणाऱ्या कटरच्या रेघा कमानीसारख्या येतात. अक्षरं अस्सल दिसली तरी खालच्या रेघा वाकड्या असतील तर समोरचा माणूस टॉर्च बंद करून पुढच्या गाडीकडे वळतो.

कॅमेरोत आणखी एक गोची आहे. १९६९च्या चासी नंबरावरून गाडीला व्ही-८ इंजिन होतं एवढं कळतं, ती ओहायोतल्या नॉरवुडच्या कारखान्यातली की लॉस एंजलिसची तेही कळतं. ती झेड/२८ होती का, हे कळत नाही. त्या वर्षी कॅमेरो निघाल्या दोन लाख चाळीस हजारांवर. साधी व्ही-८ घ्यायची, पट्टे मारायचे, ३०२ मिळवायचं आणि झेड/२८ म्हणून विकायची, असे किती झाले असतील! पॉन्टिअॅकच्या गाडीचा कारखान्यातला कागद आजही मागवता येतो. फोर्डच्या १९६७पासूनच्या गाड्यांच्या नोंदी टिकल्या आणि त्यावरून छापील अहवाल मिळतो. अमेरिकेत विकलेल्या त्या काळच्या शेव्हरोलेंची अशी सोय नाही. मग कागद गाडीतच शोधायचे. असेंब्ली लाइनवरचे कामगार बिल्ड शीट नावाचा कागद काम झाल्यावर कुठं तरी खुपसून देत: पेट्रोलच्या टाकीच्या वर, नाहीतर सीटच्या स्प्रिंगांत. पन्नास वर्षांनी टाकी खाली उतरवताना वर चिकटलेला गंजलेला, अर्धा उंदरांनी खाल्लेला कागद सापडतो आणि मालक तो चिमट्यानं उचलतो. ज्यानं तो खुपसला त्याला फक्त हातातला कचरा कुठं तरी टाकायचा होता.

नव्वदीनंतर सुटे भाग पुन्हा बनू लागले आणि काम सोपं झालं. सीट कव्हरपासून मडगार्डपर्यंत सगळं नवं मिळतं. पहिल्या पिढीच्या कॅमेरोची अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळते. पण काम सोपं झालं तसं ते जरा जास्तच छान होऊ लागलं. त्या काळी जनरल मोटर्स लॅकर नावाचा रंग मारत असे. त्यात जागोजागी संत्र्याच्या सालीसारखी खडबड यायची, दाराच्या आतल्या बाजूला रंग पातळ पडायचा, खालच्या भागावर वरच्या रंगाचा फवारा उडालेला असायचा. तपासनीस खडूनं, ग्रीज पेन्सिलीनं बोल्टवर खुणा करत. आजचा पेंटर क्लिअर कोट मारून आरसा करतो. मग परीक्षक म्हणतात, कारखान्यात इतकी सुंदर गाडी कधी बनलीच नव्हती, गुण कापा. त्यामुळे चांगला रिस्टोरर आज पगारी कामगारासारखं घाईघाईचं काम कसं करायचं, ते सराव करून शिकतो. खडूच्या खुणा कुठल्या बोल्टवर, कुठल्या रंगाच्या, यावर लोक तावातावानं भांडतात. मला विचाराल तर मूळ रूपाचा हट्ट इथं थोडा नाटकाकडे झुकतो. चुका नव्यानं रंगवल्या की त्या चुका उरत नाहीत.

कंटाळलेल्यांचा एक गट मग न छेडलेल्या गाड्यांकडे वळला. १९९०च्या सुमारास ब्लूमिंग्टनला अशा गाड्यांना ‘सर्व्हायव्हर’ म्हणून वेगळा मान देणं सुरू झालं: रंग फिका, सीट फाटकी, पण जे आहे ते पहिलं. गाडी ओरिजिनल एकदाच असते, हे वाक्य या वर्तुळात आपल्याकडच्या म्हणीसारखं फिरतं.

आपल्याकडे हा विषय हौशीचा कमी आणि आरटीओचा जास्त. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध जाणारा फेरफार चालणार नाही, असा निकाल दिला. २०२१च्या जुलैत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची नंबरप्लेट आली. अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आता एखाद्या वाड्याच्या मागच्या शेडमध्ये डिझेल इंजिन घालून उभ्या असलेल्या शेव्हरोले इम्पालाचं काय करायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

अमेरिकेत सध्या आणखी एक वाद रंगलाय, ‘डे टू’ गाड्यांचा. शोरूममधून आली तो पहिला दिवस, मालकानं गॅरेजमध्ये नेऊन क्रेगरची चाकं आणि हेडर लावले तो दुसरा. पहिल्या मालकानंच १९६९ साली केलेले ते बदल पुसायचे, की तेही आता इतिहास म्हणून ठेवायचे? मूळ रूपवाले पुसा म्हणतात. दुसरे १९६९चे जुने फोटो काढून दाखवतात, ज्यात शर्यतीच्या पट्टीवर उभ्या असलेल्या एकाही झेड/२८वर कंपनीची चाकं दिसत नाहीत.

वाद चालू असतानाच काम करणारे काम करतात. जुन्या नोंदणीचे कागद मिळवून पहिला मालक शोधायचा, तो नसेल तर त्याच्या घरच्यांना फोन लावायचा. पन्नास वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीबद्दल कुणी तरी विचारतंय म्हटल्यावर पलीकडे आधी शांतता पसरते. मग विचारायचं: गॅरेजच्या माळ्यावर एखादं खोकं आहे का हो, जड, तेलकट, आत बेल्टची पुली लावलेला एक पंप असलेलं?