१२ वर्षं दिवा लावला म्हणून जागा नावावर होते का?

फिरणारा समज असा: रस्त्याकडेच्या ओट्यावर १२ वर्षं पूजा चालली की ती जागा त्या देवस्थानाची होते.

नांदेड-लातूरसारख्या शहरात वडाखालचा म्हसोबा, कोपऱ्यावरचा पीर, वस्तीतलं निशाण एकमेकांच्या शेजारीच असतात. म्हणून हे नीट कळायला हवं, कारण याच समजापोटी कष्टकऱ्यांची वर्गणी पक्क्या बांधकामात अडकते.

१२ हा आकडा खोटा नाही. १९६३च्या मुदत कायद्यात खासगी जमिनीचा ताबा परत मागायला मालकाला तेवढी मुदत आहे. सरकारी जमीन किंवा पालिकेचा रस्ता असेल तर ती ३० वर्षं. आणि नुसती वर्षं मोजून भागत नाही. ताबा उघड, अखंड आणि मालकाचा हक्क नाकारणारा होता हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. भक्तिभावानं नारळ फोडणारा माणूस मालकी सांगत नसतो! वीजमीटर किंवा ट्रस्टची नोंदणी यानंही मालकी मिळत नाही. देऊळ, दर्गा, विहार, सगळ्यांना नियम हाच.

खात्री करायची तर नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा उतारा काढा. नगर भूमापनाच्या हद्दीबाहेर असेल तर सातबारा. वर्गणीची पावती फाडण्याआधी उताऱ्यावरचं धारकाचं नाव वाचा.