ग्रीन्स्टेड चर्च

इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात, ऑन्गर गावाजवळच्या ग्रीन्स्टेड या खेड्यातील संत अँड्रू यांचे मध्ययुगीन चर्च. मुख्य दालनाच्या भिंती उभ्या चिरलेल्या ओक ओंडक्यांच्या आहेत. जगात आज उभ्या असलेल्या लाकडी चर्चपैकी हे सर्वांत जुने, असे सामान्यतः मानतात.

या भिंतींच्या काळाविषयी मतभेद आहेत. परंपरेनुसार १०१३ मध्ये संत एडमंड (नवव्या शतकातील पूर्व अँग्लियाचे राजे) यांचा देह लंडनहून बरी सेंट एडमंड्सला परत नेताना तो येथे विसावला. मात्र बरी सेंट एडमंड्सच्या मठाच्या जुन्या नोंदीत ‘ऑन्गरजवळचे लाकडी प्रार्थनागृह’ एवढाच उल्लेख आहे; ग्रीन्स्टेडचे नाव नाही. पुढे वृक्षवलयांवरून ओंडक्यांचा काळ इ. स. ८४५ च्या सुमाराचा ठरविण्यात आला आणि तो बराच काळ ग्राह्य धरला गेला. १९९५ च्या फेरतपासणीत मात्र मोजता आलेली वलये १०५३ पर्यंत आली. बाहेरचे रसकाष्ठ (सालीलगतचे कोवळे लाकूड) नष्ट झालेले असल्याने त्याची १० ते ५५ वर्षे त्यात मिळवावी लागतात. म्हणजे झाडे साधारण १०६३ ते ११०८ या दरम्यान तोडली गेली असावीत. हेच मत अधिक ग्राह्य वाटते. त्यानुसार बांधणीची रीत सॅक्सन (नॉर्मनपूर्व इंग्लंडमधील) असली, तरी इमारत १०६६ च्या नॉर्मन विजयाच्या आगेमागे उभी राहिली, असे म्हणावे लागेल. त्यामुळे परंपरा खोटी ठरतेच असे नाही. १९६० मध्ये क्रिस्टी, ओल्सेन व टेलर यांनी केलेल्या उत्खननात वेदीकडील भागाखाली आधीच्या दोन लाकडी वास्तूंच्या खुणा मिळाल्या. त्या बहुधा सहाव्या-सातव्या शतकांतील असाव्यात. संतांचा देह विसावला असल्यास तो आजच्या भिंतींच्या आधीच्या वास्तूत, हे अधिक संभवते.

ओंडक्यांची गोल बाजू बाहेर, तर तासून सपाट केलेली बाजू आत आहे. शेजारच्या दोन ओंडक्यांच्या कडांना खाचा पाडून त्यांत ओकच्या पट्ट्या बसविल्या आहेत. त्यामुळे फटींतून वारा-पाऊस आत येत नाही. नॉर्वेतील लाकडी चर्चशी याची तुलना नेहमी केली जाते; पण तेथे भार कोपऱ्यांतील खांब व चौकट पेलतात, येथे ओंडक्यांची रांग हीच भिंत आहे. १८४८–४९ च्या दुरुस्तीत ओंडक्यांची कुजलेली खालची टोके छाटून ते विटांच्या जोत्यावरील नव्या ओक तुळईवर उभे केले. इमारत त्यामुळे वाचली. मात्र ओंडक्यांच्या मूळ पायाचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा नाहीसा झाला.

वेदीकडील भाग सुमारे १५०० मध्ये विटांनी पुन्हा बांधला. त्याच्या पायात नॉर्मन काळातील गारगोटीचे काम दिसते. पश्चिमेकडील मनोरा पांढऱ्या फळ्यांचा असून त्यातील एक घंटा सतराव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. उत्तरेच्या भिंतीतील लहान छिद्र महारोग्यांना बाहेरून उपासना पाहता यावी म्हणून ठेवले होते, असे सांगतात. ते पवित्र जलपात्राशी संबंधित असावे, हे मत अधिक पटणारे आहे.

मजूर संघटना उभारल्याबद्दल १८३४ मध्ये ऑस्ट्रेलियात हद्दपार केलेल्या, डॉर्सेटमधील टोलपडलच्या शेतमजुरांपैकी काही जण शिक्षा माफ झाल्यावर या भागात राहिले. त्यांपैकी जेम्स ब्राइन यांचा विवाह १८३९ मध्ये याच चर्चमध्ये झाला.