लाकडाची अंगठी करायचीय? मग फळीला भोक पाडू नका

लाकडाची अंगठी म्हटलं की आधी ड्रिलच आठवतं, फळीला भोक पाडा, बाहेरून गोल कापा, पॉलिश पेपर मारा, झालं. दिसते पण झकास, फक्त टिकत नाही. सोलापूरकरांना सांगायचं तर लाकूड म्हणजे नुसता ताणा (मागावरचे उभे धागे), बाणा (आडवे धागे) जवळपास नाहीच, सगळे तंतू एकाच दिशेला. त्या दिशेनं ओढलं तर जबरदस्त ताकद, आडवं ओढलं की फाटलं. फळीतून काढलेल्या अंगठीत समोरासमोर दोन जागी तंतू आडवे येतात आणि ती तुटते तिथंच.

त्यात आपला उन्हाळा! लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, त्यामुळं पावसाळ्यात फुगलेलं सागवान मे महिन्याच्या कोरड्या हवेत आडवं एक-दीड टक्का आकसू शकतं, लांबीत मात्र जवळजवळ नाहीच. म्हणजे 18 मिलिमीटरचं भोक एकाच बाजूनं पाव मिलिमीटरपर्यंत कमी होतं, अंडाकृती होतं आणि बोटात अडकतं.

म्हणून विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा घ्या, प्लायवूडवाल्याकडं तुकडे पडलेले असतात. अर्धा मिलिमीटर जाड, 25 सेंटिमीटर लांब पट्टी, म्हणजे चार वेढे बसतात, पण लांबी लाकडाच्या रेषांच्या, म्हणजे तंतूंच्याच दिशेनं हवी, नाहीतर सगळं मुसळ केरात. कोरडीच वाकवली तर बाहेरची बाजू पावणेतीन टक्के ताणली जाते आणि कोरडं लाकूड एखाद टक्क्यालाच तुटतं. उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवली की तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन मऊ पडतं, मग आतली बाजू दबून घेते आणि बाहेरच्या बाजूला फार ताणावं लागत नाही. स्पॅनरच्या सॉकेटवर गुंडाळा, रबर लावा, पूर्ण वाळू द्या. आता तंतू अंगठीभर गोल फिरतात, आडवी जागाच उरत नाही, आणि लांबीत लाकूड आकसत नसल्यानं मापही तेच राहतं.

मग सॉकेटला सेलोटेप लावून वेढ्यावेढ्याला फेविक्विक, वरून पॉलिशलाही त्याचेच पातळ थर. सागवान तेलकट असतं, आधी थिनरनं पुसा नाहीतर चिकटत नाही. खिडकी उघडी ठेवा, घासताना मास्क लावा, शिसमच्या भुशानं बऱ्याच जणांना खाज सुटते. आणि सांडलेलं फेविक्विक सुती चिंधीनं अजिबात पुसू नका, सुतावर ते इतक्या झपाट्यानं घट्ट होतं की धूर निघतो, हात भाजतो. आपल्या गावात हाताशी सुतीच कापड असतं, म्हणून मुद्दाम सांगतोय, थर द्यायला प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा वापरा.