स्वप्नांना लागणारा कच्चा माल

जून महिन्यात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पाठ्यपुस्तकांसाठी झुंबड उडालेली असताना, एका दुकानाच्या पायरीवर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी गोष्टीचे पुस्तक पुटपुटत वाचत बसली होती. ‘त्याने दोर ओढला’ या शब्दांशी येताच तिच्या डाव्या हाताची मूठ नकळत आवळली गेली. अमेरिकेतील सेंट लुईस येथे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या माणसांच्या मेंदूत असेच काहीसे आढळले होते. गोष्टीतील पात्र एखादी वस्तू हाती घेई, तेव्हा वाचकाच्या मेंदूतील हाताच्या हालचालींशी निगडित भाग अधिक सक्रिय होत असे.

वाचलेले असे अंगात भिनते, ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण उद्याचे स्वप्न कोऱ्या पाटीवर उमटत नाही. मेंदूच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा, समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग असतो आणि तो आठवणी साठवण्याच्या कामी येतो. लंडनमधील डेमिस हसाबिस, एलेनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली असे दाखवून दिले की, या भागाला इजा झालेल्या बहुतेक रुग्णांना न घडलेल्या प्रसंगाची कल्पनाही नीट करता येत नाही. समुद्रकिनारा डोळ्यांपुढे आणायला सांगितला, तर त्यांना सुटे तुकडे दिसतात, सलग देखावा दिसत नाही. म्हणजे उद्याचे चित्र कालच्याच तुकड्यांतून जुळते, आणि दहा वर्षांच्या मुलाचा ‘काल’ तो केवढा! त्यात भर घालण्याचे काम पुस्तक करते.

मात्र ‘थोरांची ओळख’ छापाच्या, केवळ पदके आणि पदव्या मोजणाऱ्या चरित्रांतून ही भर पडते, असे मला वाटत नाही. न्यूयॉर्कमधील नववी-दहावीच्या ४०२ विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. आइन्स्टाइन, मेरी क्युरी आणि मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञांच्या धडपडीच्या गोष्टी वाचणाऱ्यांची विज्ञानातील प्रगती, नुसत्या यशाच्या गोष्टी वाचणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. त्यातही आधी मागे असलेल्यांना अधिक लाभ झाला.

फॅरडे स्वतः पुस्तकांनीच घडला. लोहाराचा हा मुलगा १८०५ साली, चौदाव्या वर्षी, लंडनच्या एका पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारीला लागला आणि बांधणीला आलेली पुस्तके वाचू लागला. जेन मार्सेट या लेखिकेचे रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक त्याने नुसते वाचले नाही, तर त्यातील विधाने परवडतील तेवढे प्रयोग करून ताडून पाहिली. १८२१ साली त्याने विजेच्या जोरावर तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काम केलेल्या अरविंद गुप्ता यांच्या खेळण्यांमध्ये याच तत्त्वावरची मोटर आहे. एक सेल, दोन सेफ्टी पिना, त्या सेलला धरून ठेवणारे रबर, एक चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे एवढेच साहित्य तिला लागते. पहिल्या खेपेस ती बहुधा फिरत नाही, कारण तारेवरचे वीज अडवणारे लाखेसारखे आवरण खरवडायचे राहिलेले असते. मूल पुन्हा पुस्तकातले चित्र पाहते, तारेचे एक टोक पूर्ण आणि दुसरे तीनच बाजूंनी खरवडते, आणि वेटोळ्याला बोटाने हलकेच टिचकी मारते.