शिखरसंग्रह

शिखरसंग्रह : ठरावीक निकषावर तयार केलेल्या यादीतील डोंगर-टेकड्यांचे माथे एकेक करून पायी गाठण्याचा व त्यांची नोंद ठेवण्याचा छंद. हौशी मंडळींत ‘पीक बॅगिंग’ हे नाव रूढ आहे. गिर्यारोहणात कस लागतो तो चढाईच्या अवघडपणावर. येथे महत्त्व यादी पुरी होण्याला असते, त्यामुळे दोराविना अर्ध्या दिवसात चढून-उतरून येता येईल अशा टेकड्याही त्यात बसतात. प्रस्तुत नोंदीत या छंदाचा विचार मुख्यतः इंदूर व भोवतालच्या माळवा पठाराच्या संदर्भात केला आहे.

या छंदाचा उगम सामान्यतः स्कॉटलंडमध्ये मानला जातो. सर ह्यू मन्रो (१८५६–१९१९) यांनी १८९१ मध्ये स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लबच्या नियतकालिकात ३,००० फुटांहून (९१४.४ मी.) उंच असलेल्या स्कॉटिश माथ्यांची सारणी प्रसिद्ध केली. तीत ५३८ माथे होते आणि त्यांपैकी २८३ स्वतंत्र पर्वत मानले होते. फेरमोजणीनंतर ही दुसरी संख्या आज २८२ आहे. एवढ्या उंचीचे पर्वत तीसच्या आसपास असावेत अशी तोपर्यंत समजूत होती, असे सांगितले जाते. सारणी पहिल्यांदा पूर्ण केल्याचा मान १९०१ मध्ये पाद्री ए. ई. रॉबर्टसन यांना दिला जातो. मात्र बेन विव्हिस या पर्वताच्या माथ्यावर ते प्रत्यक्ष पोहोचले होते की नाही, याविषयी पुढे अभ्यासकांनी शंका घेतली. ती ग्राह्य धरल्यास पहिलेपण १९२३ मध्ये यादी पुरी करणाऱ्या रोनाल्ड बर्न यांच्याकडे जाते. खुद्द मन्रो यांची यादी त्यांच्या हयातीत अपुरीच राहिली. यावरून यादी आधी आणि छंद मागाहून हा क्रम स्वीकारणे अधिक सयुक्तिक ठरते, कारण सारणी मुळात पर्वत किती हे ठरविण्यासाठी झाली होती.

मराठी समाजात या छंदाची मुळे अधिक जुनी आहेत, असेही एक मत मांडले जाते. अष्टविनायक, साडेतीन शक्तिपीठे यांसारख्या ठरलेल्या स्थानांची यात्रा पुरी करण्याची रीत आणि विसाव्या शतकात महाराष्ट्रात फोफावलेली गडभ्रमंती ही त्याची उदाहरणे दिली जातात. संच पुरा करण्याची ओढ दोहोंत समान आहे, हे मान्य करावे लागते. तथापि यात्रेतील स्थाने श्रद्धेने ठरतात, गडांची इतिहासाने. मोजमापावर उभी राहणारी आणि मोजमाप बदलले की बदलणारी यादी हे शिखरसंग्रहाचे लक्षण त्यांत नाही. या दोन परंपरांना पूर्वसूरी म्हणता येईल, उगम म्हणणे कठीण. जपानमध्ये फुकादा क्यूया यांनी १९६४ मध्ये निवडलेले शंभर पर्वत मात्र यात्रा आणि मोजणी यांच्या मध्ये कोठेतरी बसतात, कारण सुमारे १,५०० मी. उंचीच्या अटीबरोबरच पर्वताची भव्यता, इतिहास आणि स्वतंत्र व्यक्तिमत्त्व हे निकष त्यांनी लावले होते.

यादीत काय घ्यावे हा या छंदातील सर्वांत वादाचा प्रश्न असून माळव्यात तो विशेष तीव्र होतो. समुद्रसपाटीपासूनची उंची येथे निरुपयोगी आहे. इंदूर शहरच सुमारे ५५० मी. उंचीवर वसलेले असल्याने ‘५०० मीटरांवरील सर्व माथे’ असा नियम केल्यास राजवाड्यासमोरचा चौकही यादीत येईल. त्यामुळे सापेक्ष उठाव हाच निकष येथे योग्य ठरतो. एखाद्या माथ्यावरून त्याहून उंच भूमीकडे जाताना कमीत कमी जेवढे उतरावेच लागते, तेवढा त्या माथ्याचा उठाव. म्हणजे माथ्याची उंची वजा दोहोंना जोडणाऱ्या सर्वांत उंच खिंडीची उंची. ॲलन डॉसन यांनी १९९२ मध्ये ब्रिटनसाठी केलेल्या यादीत केवळ १५० मी. उठावाची अट ठेवली आणि एकूण उंचीची अट काढूनच टाकली, त्यामुळे लहान टेकड्यांना प्रथमच मान मिळाला. माळव्यात १५० मी. ही अटही जड जाते. तीस किंवा पन्नास मीटरांची अट पठाराच्या स्वभावाला अधिक जुळते, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे.

उठावाच्या निकषामुळे पठाराच्या दक्षिण कडेला एक विलक्षण परिणाम दिसतो. विंध्याचा कडा येथे निमाडाकडे, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्याकडे, एकदम कोसळतो आणि नर्मदेचे पात्र २०० मीटरांच्याही खाली आहे. निमाडातून पाहणाऱ्याला महूजवळचा ८५४ मी. उंचीचा जानापाव हा डोंगर सहाशे मीटरांहून उंच पर्वत भासतो. परंतु उत्तरेला तो पठाराशी जोडलेला असल्याने त्याची खिंड पठाराच्या पातळीखाली जात नाही आणि उठाव तीनशे मीटरांच्या आतच राहतो.

प्रत्यक्ष मोजणीतही अडचणी आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर समोच्च (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या) रेषांमधील उंचीचे अंतर साधारणतः २० मी. असते. माथ्यावर आकडा छापलेला असला, तरी खिंडीची उंची दोन रेषांच्या मध्ये कोठेही असू शकते. तीस मीटरांच्या अटीला ही अनिश्चितता फार मोठी आहे. उपग्रहाधारित यंत्राने घेतलेली नोंद तपासूनच स्वीकारावी लागते. असे यंत्र मुळात पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून उंची काढते आणि मध्य भारतात सरासरी समुद्रपातळीचा पृष्ठभाग त्या लंबगोलाच्या पन्नास मीटरांच्या आगेमागे खाली आहे. दुरुस्ती न केलेला आकडा त्यामुळे तेवढाच कमी येतो. उठाव काढताना माथा आणि खिंड दोन्हींवर एकाच यंत्राने, एकाच दिवशी नोंद घेतल्यास हा दोष जवळजवळ वजा होतो.

माथा नेमका कोणता, हाही प्रश्न येथे वारंवार उद्‌भवतो, कारण माळव्यातील टेकड्यांवर बहुधा देवालय असते आणि सर्वांत उंच नैसर्गिक खडक चौथऱ्याखाली किंवा गाभाऱ्यात गेलेला असतो. इमारतीची उंची धरू नये, यावर बहुतेक याद्यांचे एकमत आहे. गाभाऱ्यात पाऊल टाकता येत नसेल तेथे मंदिराच्या पायरीपाशी शिखर पूर्ण मानावे, ही रीत स्वीकारण्यास हरकत नसावी. तिला मोठा पूर्वाधार आहे : १९५५ मध्ये कांचनगंगेवर प्रथम पोहोचलेले जो ब्राउन आणि जॉर्ज बँड सिक्कीमच्या श्रद्धेचा मान राखून माथ्याच्या काही पावले अलीकडे थांबले, तरी ते पहिले आरोहण मानले जाते.

भूगोलाच्या पुस्तकांत सिगार (८८१ मी.) हे माळवा पठारावरील सर्वोच्च शिखर दिले जाते, त्याखालोखाल जानापाव आणि धजारी (८१० मी.) येतात. संग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध माथा जानापावचा. महूच्या दक्षिण-पश्चिमेस, आग्रा–मुंबई रस्त्यालगतच्या या डोंगरावर जमदग्नी ऋषींचा आश्रम होता व परशुरामाचा जन्म येथेच झाला, अशी श्रद्धा आहे. कार्तिकी पौर्णिमेला येथे जत्रा भरते. माथ्यावरचे कुंड चंबळेचा उगम मानले जाते. ते पाणी चंबळ–यमुनेवाटे गंगेला मिळते, तर याच डोंगराळ भागातील चोरल आणि कारम या नद्या नर्मदेला मिळून अरबी समुद्राची वाट धरतात. एका माथ्यावर उभे राहून दोन समुद्रांकडे जाणारे उतार पाहता येतात, ही या टेकडीची थोरवी कोणत्याही उठावाच्या आकड्यात मावत नाही. वरपर्यंत डांबरी रस्ता झाला असला, तरी पायवाटेने चढताना काळ्या बेसाल्टचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक लागतात, आणि कडेचे गोलसर धोंडे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटत गेलेले दिसतात; हे दख्खनच्या लाव्ह्याच्या विदारणाचे लक्षण होय.

शहराच्या जवळ रालामंडळ, देवगुराडिया आणि बिजासन या टेकड्या आहेत. रालामंडळावर होळकरांचे शिकारगृह असून टेकडीभोवतालचे जंगल १९८९ पासून अभयारण्य आहे. देवगुराडियावर महादेवाचे आणि बिजासनावर देवीचे मंदिर आहे. विमानतळाजवळच्या बिजासन टेकडीवर नवरात्रात जत्रा असते आणि इंदूरची मराठी घरेही दर्शनाला जातात. देवासची टेकडी, जिच्या पायथ्याशी पवार घराण्याच्या थोरल्या व धाकट्या पातीची दोन संस्थाने नांदली, तुळजाभवानी आणि चामुंडा या दोन देवींमुळे प्रसिद्ध आहे. पायऱ्या, मोटाररस्ता आणि रोपवे असे तिन्ही मार्ग तेथे असले, तरी नोंद पायी चढाईचीच धरावी.

जून ते सप्टेंबरमध्ये काळी माती पायाला चिकटते, शेवाळलेला खडक निसरडा होतो आणि पातालपाणी धबधब्याच्या परिसरात ओढ्यांना अचानक लोंढे येतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चढाईस सोयीचा. तेव्हा गवत वाळलेले असते व निमाडाकडची दृष्टी स्वच्छ असते. रालामंडळात वनखात्याच्या वेळा पाळाव्या लागतात. महूच्या छावणीभोवतालचे काही डोंगर लष्करी सरावाच्या क्षेत्रात येत असल्याने परवानगीवाचून तेथे जाता येत नाही.